पूर्णा खोऱ्यातील भूजलाचा नकाशा

पावसाचे पाणी जमिनीत मुरते व खाली साठते. त्याला भूजल म्हणतात. विहिरीला व बोअरला तेच पाणी लागते. ते वरून दिसत नाही. म्हणून त्याचा नकाशा काढतात.

पूर्णा नदी सातपुड्यात गाविलगडच्या डोंगरात उगम पावते. ती अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. जेवढ्या भागातले पावसाचे पाणी वाहत पूर्णेला येते, तेवढा सगळा भाग म्हणजे पूर्णेचे खोरे.

आमचे गाव खोऱ्याच्या मध्यभागी आहे. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. आमच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते, पण ते मचूळ. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. आजी म्हणते, "पानी लय हाय, पन पेता येत नाही." म्हणून भूजलाचे दोन नकाशे लागतात. एक पाणी किती खोल आहे त्याचा. दुसरा पाणी कसे आहे त्याचा.

पहिला नकाशा : विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंत टेप सोडतात. समजा ९ मीटर भरले आणि कठडा १ मीटर उंच आहे. मग ९ – १ = ८. म्हणजे पाणी जमिनीपासून ८ मीटर खाली आहे. असे मे महिन्यात मोजतात व पावसाळा संपल्यावर परत मोजतात. पाणी किती वर चढले ते त्यावरून कळते. गावोगावचे आकडे नकाशावर लिहितात व सारखे आकडे रेषेने जोडतात.

दुसरा नकाशा : बाटली त्याच पाण्याने विसळून नमुना घेतात व प्रयोगशाळेत देतात. पिण्याच्या १ लिटर पाण्यात विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणी नसेलच, तर २००० पर्यंत चालते. उकिरडा विहिरीजवळ असला तर नायट्रेट वाढते. ते ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. चांगल्या पाण्याला निळा व खाऱ्याला लाल रंग देतात.

आता दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी गोड आहे, पण फार खोल आहे. तिकडे संत्र्याच्या बागा आहेत, उपसा जास्त होतो. मधल्या पट्ट्यात पाणी आहे, पण खारे. एकच नकाशा पाहिला तर माणूस फसतो.

आमच्या गावात दोन बोअर मारले. दोन्ही खारे निघाले. पैसा पाण्यात गेला! जास्त खोल गेले म्हणजे गोड पाणी लागतेच असे नाही. आधी नकाशा पाहावा, मगच बोअर मारावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे सरकारी खाते असे नकाशे करते.

जिथे नकाशा लाल आहे, तिथे पावसाचे पाणी धरून ठेवावे. ते गोडच असते. शेततळ्यात साठवले तर पिकाला देता येते. पिण्यासाठी नळाने लांबून पाणी आणतात. अकोट, तेल्हारा भागात वान धरणाचे पाणी असेच येते.

आपण शाळेत आपल्या गावाचा नकाशा करणार आहोत. प्रत्येकाने आपल्या विहिरीचा आकडा फळ्याजवळच्या तक्त्यात लिहावा. मोजताना मोठे माणूस सोबत न्यावे. कठड्यावरून वाकू नये.

— इयत्ता ४ थी