संगीतनिर्मितीची पूर्वतयारी : पापनाशम परिसराची साक्ष

संगीतनिर्मितीच्या अभ्यासक्रमात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा आज सामान्यतः कान पारखला जातो. स्वरांतर ओळखणे, लय धरणे, ध्वनिमुद्रणातील उणीव टिपणे यांची तो तयारी करतो. ही तयारी आवश्यक खरी. परंतु ती पुरेशी आहे काय, असा प्रश्न तंजावर जिल्ह्यातील पापनाशम परिसराची संगीतपरंपरा पाहता उपस्थित होतो.

तंजावर व कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या सखल प्रदेशात वसलेल्या या गावाचे नाव पापनाशम शिवन् (1890-1973) या रचनाकाराशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांचे मूळ नाव रामय्या. त्रिवेंद्रमच्या संस्कृत महाविद्यालयात त्यांनी व्याकरणाचे अध्ययन केले. नीळकंठ शिवन् यांच्या भजनांचा संस्कार आणि कोनेरीराजपुरम् वैद्यनाथ अय्यर यांच्या गायनाचे श्रवण हीच त्यांची खरी पाठशाळा. पुढे ‘अशोककुमार’ (1941), ‘शिवकवी’ (1943) अशा तमिळ चित्रपटांसाठी त्यांनी गीते रचली. शब्द व स्वर एकाच हातून घडविण्याचे त्यांचे सामर्थ्य भाषा आणि श्रवण या दुहेरी साधनेतून आले, असे म्हणता येते.

ही दुहेरी साधना त्या प्रदेशात नवी नव्हती. पापनाशम तालुक्यातील मेलट्टूर येथे तमिळभाषी प्रेक्षकांपुढे भागवतमेळ्याची तेलुगू नाटके आजही होतात. तंजावरच्या मराठा राजवटीत (1676-1855) तमिळ, तेलुगू, संस्कृत व मराठी या भाषा एकाच दरबारात नांदल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनकारांच्या सान्निध्यातून तंजावर कृष्ण भागवतर यांनी हरिकथेला नवे रूप दिले. त्यांच्या पंथातील कथाकाराला कर्नाटक रागतालांबरोबर साकी, दिंडी, ओवी, अभंग आणि आर्या हे मराठी रचनाबंधही आत्मसात करावे लागत.

यातील अडचण ध्यानात घेण्याजोगी आहे. दिंडीच्या चरणात 9 व 10 अशा विभागणीने 19 मात्रा येतात. साकीच्या चरणात 16 व 12 मिळून 28. परभाषक गायकाला ऱ्हस्वदीर्घाचे भान नसेल, तर मात्रांचा हिशेब चुकतो, यती भलत्याच अक्षरावर पडते आणि अर्थ दुभंगतो. म्हणजे येथे छंदाचे ज्ञान हाच लयीचा अभ्यास होता. पुढे याच छंदांत तमिळ शब्द बसविले गेले, तेव्हा मराठी कानाला परिचित असलेली चाल दुसऱ्या भाषेच्या उच्चाराने नटली.

या तयारीची परीक्षा श्रोत्यांच्या सभेत होई. कथेच्या कोणत्या वळणावर साकी घ्यावी, श्लोक कोठे संथपणे म्हणावा, मृदंग कोठे थांबावा, याचा निर्णय कथाकाराने तत्क्षणी करावयाचा असे. आजच्या भाषेत यालाच संगीतनिर्मितीचा विवेक म्हणावे लागेल.

पापनाशम परिसराची साक्ष एवढीच की, केवळ यंत्र व स्वर यांची ओळख करून घेणारा विद्यार्थी अर्धाच सिद्ध होतो. गीताची भाषा जाणणे, तिचे चरण मोठ्याने म्हणणे, मात्रा बोटांवर मोजणे, हा पाठही पूर्वतयारीत हवा. मराठी छंदांनी दक्षिणेतील कथागायनाला दिलेले हे शिक्षण मराठी विद्यार्थ्यालाच अपरिचित राहावे, ही उणीव अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी दूर करण्याजोगी आहे.