स्यूडोयुरिडीन : वाहक आर. एन. ए.मधील एका न्यूक्लिओसाइडाची रचना व संश्लेषण

पेशीत प्रथिने तयार होत असताना प्रत्येक ॲमिनो अम्ल योग्य जागी आणून पोचविण्याचे काम वाहक आर. एन. ए. या नावाचे लहान रेणू करतात. असा एक रेणू म्हणजे सुमारे ७० ते ९० घटकांची माळ होय. आर. एन. ए.चे मूळ घटक चार : ॲडेनोसीन, ग्वानोसीन, सायटिडीन व युरिडीन. या प्रत्येकात रिबोज ही शर्करा आणि तिला जोडलेले नायट्रोजनयुक्त वलय असते. या जोडीस न्यूक्लिओसाइड म्हणतात. वाहक आर. एन. ए.मध्ये मात्र या चारांखेरीज त्यांचीच काहीशी बदललेली रूपेही आढळतात. निरनिराळ्या आर. एन. ए.तून अशी दीडशेहून अधिक रूपे आज ज्ञात आहेत. त्यांपैकी सर्वांत आधी सापडलेल्या रूपाचा विचार आपण येथे करू.

वॉल्डो कोह्न हे अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत काम करीत. युरेनियमाच्या विखंडनातून निघणारी द्रव्ये निराळी करण्यासाठी तेथे आयन-विनिमयाची पद्धत वापरली जात असे. युद्धानंतर कोह्न यांनी तीच पद्धत न्यूक्लिइक अम्लांना लावली. १९५१ साली त्यांना व व्होल्किन यांना आर. एन. ए.च्या विघटित द्रावणात चार परिचित घटकांबरोबर एका अपरिचित पदार्थाचा अंश दिसला. १९५७ साली डेव्हिस व ॲलन यांनी यीस्टच्या आर. एन. ए.मधून तो पुन्हा मिळविला आणि त्यास पाचवा घटक मानले.

त्याचे पृथक्करण करता एक चमत्कारिक गोष्ट आढळली. कार्बनचे ९, हायड्रोजनचे १२, नायट्रोजनचे २ व ऑक्सिजनचे ६ अणू, म्हणजे तंतोतंत युरिडीनचेच सूत्र! तरीही पदार्थ युरिडीन नव्हता. तीव्र आम्लाने इतर न्यूक्लिओसाइडांतील शर्करा कमीअधिक प्रयासाने सुटी होते. येथे ती सुटेना. शिवाय द्रावण अल्कधर्मी केले असता जंबुपार किरणांच्या शोषणाचे शिखर सुमारे २६३ नॅनोमीटरवरून २८६ नॅनोमीटरपर्यंत सरकले. युरिडीनमध्ये असे घडत नाही, कारण त्याच्या वलयातील पहिल्या क्रमांकाचा नायट्रोजन शर्करेशी बांधलेला असतो.

या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकाच कल्पनेने होतो. नव्या पदार्थात शर्करा नायट्रोजनाला जोडलेली नसून वलयातील पाचव्या क्रमांकाच्या कार्बनला जोडलेली आहे. भिंतीवरची तसबीर उतरवून फिरवावी आणि तिच्या दुसऱ्या बाजूच्या कडीने त्याच खिळ्यावर टांगावी, तसा हा प्रकार आहे. कार्बन-कार्बन बंध बळकट असल्याने आम्लाला तो तोडता येत नाही. आणि पहिला नायट्रोजन आता मोकळा होऊन एक हायड्रोजन धारण करतो. ॲडेनोसीनशी जोडी जमविण्याची युरिडीनची क्षमता मात्र कायम राहते. या पदार्थास ‘स्यूडोयुरिडीन’ म्हणजे खोटे युरिडीन हे नाव मिळाले. प्रस्तुत लेखकास ते थोडे अन्यायाचे वाटते. पण रूढ झालेले नाव बदलणे अनुवादकाच्या अधिकारात नाही.

विश्लेषणाने ठरविलेली रचना हा एका अर्थी परिस्थितिजन्य पुरावा असतो. तोच रेणू ज्ञात द्रव्यांपासून, ज्ञात मार्गाने बनविता आला म्हणजे रसायनज्ञाची खात्री पटते. हे काम १९६१ साली शापिरो व चेंबर्स यांनी केले. युरॅसिलच्या वलयावरील दोन ऑक्सिजन त्यांनी मेथिल गटांनी झाकले व पाचव्या कार्बनवर लिथियम बसविले. दुसरीकडे रिबोजचे हायड्रॉक्सिल गट बेंझॉइल गटांनी झाकून तिच्या पहिल्या कार्बनवर क्लोरीन ठेवले. लिथियम व क्लोरीन एकमेकांस घेऊन बाजूस झाले की दोन्ही कार्बन जोडले जातात. मग वरची आवरणे काढावयाची. हाती आलेला पदार्थ फारच थोडा होता. शर्करा वलयाच्या वरच्या अंगाने जोडली जाईल की खालच्या, यावर तेव्हा पुरता ताबा नव्हता. परंतु त्या अल्प पदार्थाचे गुणधर्म नैसर्गिक स्यूडोयुरिडीनशी जुळले.

हा घटक रेणूत नेमका कोठे बसतो, हे रॉबर्ट हॉली यांच्या कार्याने कळले. सुमारे १४० किलोग्रॅम यीस्टमधून अवघा १ ग्रॅम शुद्ध ॲलानीन-वाहक आर. एन. ए. मिळवून त्यांनी १९६५ साली त्याचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. इतर वाहक आर. एन. ए.चे क्रम पुढे उलगडले, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या एका ठराविक वळणावर स्यूडोयुरिडीन आढळले. पेशी मात्र ते तयार स्वरूपात माळेत ओवीत नाही. प्रथम साधे युरिडीन ओवले जाते. नंतर एक विशिष्ट विकर बंध तोडून, वलय फिरवून, ते पुन्हा जोडते. १९७० साली हरगोविंद खोराना यांनी याच आर. एन. ए.चे जनुक रासायनिक पद्धतीने बांधले, त्यातही डी. एन. ए.चे नेहमीचे चारच घटक होते. खुद्द आर. एन. ए.चा रेणू त्यातील सात प्रकारच्या रूपांतरित घटकांसह बांधण्याचे श्रेय चीनमधील संशोधकांचे. शांघाय येथे त्यांनी तो १९८१ साली पूर्ण केला.

त्या मोकळ्या नायट्रोजनाचा पुढे अनपेक्षित उपयोग झाला. बाहेरून शरीरात घातलेला आर. एन. ए. परका समजला जाऊन दाह उत्पन्न करतो; वाहक आर. एन. ए.ने मात्र तसे होत नाही, असे कातालिन कारिको व ड्रू वाइसमन यांना दिसले. बदललेले न्यूक्लिओसाइड हे त्याचे कारण असावे, असा तर्क करून त्यांनी युरिडीनच्या जागी स्यूडोयुरिडीन घातले, आणि २००५ साली दाह कमी झाल्याचे दाखविले. २०२० साली कोविडवरील दोन प्रमुख आर. एन. ए. लशींत याच पदार्थाचे एक रूप वापरण्यात आले. त्यात पहिल्या नायट्रोजनावरील हायड्रोजनाच्या जागी एक मेथिल गट असतो. युरिडीनमध्ये ती जागा शर्करेने अडविलेली असल्यामुळे तेथे असा गट बसविताच आला नसता.