जुना लेथ सीएनसी करताय? आट्यांचा खर्च आधी विचारा

भंडारा, तुमसर, साकोलीकडच्या लेथच्या दुकानांत राईस मिलचे शाफ्ट आणि पंपांची दुरुस्ती हे नेहमीचं काम. असा जुना लेथ संगणकावर चालवायचा ठरवला, की कोटेशनमध्ये मोटर, ड्रायव्हर, बॉलस्क्रू असतात. स्पिंडलचा एन्कोडर, म्हणजे त्याचं फिरणं मोजणारा सेन्सर, आहे का, ते बघा. आटे पाडायचे असतील तर सगळं त्याच्यावर अडतं.

जुन्या लेथवर स्पिंडल आणि लीडस्क्रू गिअरने बांधलेले असतात. कापताना स्पिंडल मंदावला तर टूलही तितकंच मंदावतं, पिच बिघडत नाही. गिअर काढले की हे काम सॉफ्टवेअरवर येतं. २ मिमी पिच, ५०० आरपीएम म्हणजे टूल मिनिटाला १००० मिमी धावणार. स्पिंडल ४९० वर आला आणि टूल तसंच धावत राहिलं, तर पिच २.०४ होते, वीस आट्यांत पाऊण मिमीहून जास्त फरक. नट चार फेऱ्या चढतो आणि अडकतो.

मॅक३ या सॉफ्टवेअरचा परवाना १७५ डॉलरचा, पण ते स्पिंडलच्या एका फेरीला एकच पल्स बघतं. मधेच वेग पडला तर उशिरा कळतं. स्वस्त यूएसबी बोर्ड लावणार असाल तर त्यावर आटे पडतात का, हे लेखी घ्या. बऱ्याच बोर्डांवर पडत नाहीत. मूळ जीआरबीएलमध्ये ही सोयच नाही. लिनक्ससीएनसी फुकट आहे आणि एन्कोडर बघत टूल चालवतं, म्हणून माझा कौल त्याला. मात्र पॅरलल पोर्टवर हजार पल्सचा महागडा एन्कोडर घेऊ नका, संगणकाला तेवढे पल्स मोजणं जमत नाही. शंभरच्या आसपासचा, इंडेक्स (फेरीला एक खुणेचा पल्स) असलेला पुरतो. हजाराचाच हवा असेल तर मोजणाऱ्या वेगळ्या कार्डाचे पैसे धरा.

व्हीएफडीवर स्पिंडलचा वेग फार खाली आणला की मोटरचा जोर पडतो, तेव्हा बेल्ट-पुलीचं रिडक्शन ठेवाच. त्याचाही खर्च विचारा. वर जीएसटी १८ टक्के. नोंदणी असेल तर क्रेडिट मिळतं.

शेवटचा हप्ता देण्याआधी आपल्याच ईएन८ च्या सळीवर २४ मिमी व्यासाचे, ३ पिचचे आटे पाडून घ्या, खोल पासने. नट शेवटपर्यंत हाताने फिरला पाहिजे. वरठी किंवा गडेगावच्या कारखान्याचं ड्रॉइंग हाती घ्यायचं असेल तर नटावर भागणार नाही, गो-नो गो गेज लावून बघा. आणि महिन्यात आट्यांचे दोन-चारच जॉब येत असतील, तर काढलेले गिअर भंगारात देऊ नका.