ऑइल गाळून नवं होत नाही

ट्रकमालकाला ऑइलबदली टोचते ती नुसत्या पैशासाठी नाही. गाडी अर्धा दिवस गॅरेजला लागते, भाडं हातचं जातं, आणि चेंबरचा नट खोलला की मिस्त्रीला आणखी चार कामं दिसायला लागतात. त्यामुळे ‘हा फिल्टर लावा, ऑइल तिप्पट चालेल’ असं कुणी म्हटलं की आपले कान टवकारतातच. आमच्या गाड्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग भरून चाकणला जातात आणि परतीला मिळेल तो माल आणतात. त्यातल्या एका बीएस-4 गाडीवर आम्ही असा बायपास फिल्टर बसवून घेतला. तो अजूनही गाडीवर आहे. पण विकणाऱ्यानं सांगितलं ते आणि घडलं ते, यांत बरंच अंतर निघालं.

वस्तू फसवी नाही, हे आधीच सांगून टाकतो. इंजिनाच्या मूळ फिल्टरमधून पंपाचं सगळं ऑइल जावं लागतं, म्हणून त्याचा कागद फार दाट ठेवता येत नाही. साधारण 25 ते 40 मायक्रॉनपेक्षा बारीक कण त्यातून बरेचसे निसटतात. बेअरिंगमधला ऑइलचा थर असतो काही मायक्रॉनचाच, तेव्हा खरी झीज करतात ते हेच निसटलेले. बायपास फिल्टर पंपाच्या दाबावरचं पाच-दहा टक्के ऑइल बाजूला घेतो, दाट कागदातून सावकाश गाळतो आणि चेंबरमध्ये परत सोडतो. मिनिटाला 2 लिटर गेलं तरी 20 लिटरच्या चेंबरएवढं ऑइल दहा मिनिटांत त्यातून फिरतं. कल्पनाही आजची नाही. कमिन्सच्या जुन्या मोठ्या इंजिनांवर कारखान्यातूनच असा फिल्टर यायचा.

घोटाळा होतो तो पुढे. ऑइल बाद होतं ते कचऱ्यानं होतं, तसं इतरही कारणांनी होतं. डिझेलमधल्या गंधकापासून आणि जळालेल्या वायूंपासून आम्ल तयार होतं. ते मारायला ऑइलमध्ये क्षार घातलेला असतो. त्याचं माप म्हणजे टीबीएन. नव्या ऑइलला तो 10 च्या आसपास असतो आणि किलोमीटरगणिक उतरत जातो. इंजेक्टर गळत असेल तर ऑइलमध्ये डिझेल मिसळून ते पातळ होतं. यांतलं काहीही कागदात अडकत नाही. समुद्राचं पाणी कितीही गाळा, खारं ते खारंच. मग ‘आमचं ऑइल वर्षानुवर्षं चालतं’ म्हणणारे खोटं बोलतात का? सगळेच नाही. दर वेळी फिल्टरचा कागद बदलताना दोन-तीन लिटर नवं ऑइल भरावं लागतं आणि त्यासोबत ताजा क्षार चेंबरमध्ये जातो. म्हणजे ऑइल बदललं जातंच, फक्त हप्त्याहप्त्यानं. हे मात्र विकताना कुणी सांगत नाही.

पहिला फटका ऑइलचा नव्हे, पाइपचा बसला. पुण्याहून परतीचा माल घेऊन गाडी खंबाटकीचा घाट चढत होती. ड्रायव्हरचा फोन आला, “मालक, ऑइलचा लाल दिवा लागलाय. गाडी कडंला घेऊन बंद केलीया. खाली बघतोय तर सगळं ऑइल रस्त्यावर की वो!” तो तसाच वरपर्यंत रेटत गेला असता तर क्रँक आणि बेअरिंग दोन्ही गेली असती. शहाणा माणूस, जागेवर थांबला. इंजिन वाचलं.

नंतर पाइप हातात घेऊन पाहिला. ज्यानं किट विकून बसवून दिलं होतं, त्यानं साधा रबरी होज वापरला होता आणि टोकांना जुबिली क्लिपा आवळल्या होत्या. फिल्टर होता चासीवर, ऑइलची जोडणी इंजिनावर. भाराखाली चढताना इंजिन माउंटिंगवर हलतं, चासी तशी हलत नाही. होज ताणून बसवल्यामुळे प्रत्येक हिसक्याला तो ब्रॅकेटच्या धारेवर घासत होता. घासलेली जागा बोटभर लांब, आतला धागा उघडा पडलेला, आणि मध्ये एक चीर. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. ऑइलचा ओघ कमी ठेवणारं बारीक भोक फिल्टरच्या तोंडाशी होतं, इंजिनाच्या टोकाला नव्हतं. त्यामुळे होज फाटल्याबरोबर पूर्ण दाबानं चेंबर रिकामं झालं.

तेव्हा कुणी बसवणार असेल तर पैसे वाचवायचे ते पाइपमध्ये वाचवू नका. गरम ऑइल आणि दाब सोसणारा हायड्रॉलिक होज घ्या, टोकं मशीनवर प्रेस करून घ्या, होजला थोडी ढील ठेवा, जिथं टेकतो तिथं रबरी बाही चढवा. बारीक भोकाची फिटिंग इंजिनाकडच्या टोकालाच हवी. पण तेवढ्यानं निर्धास्त होऊ नका. मग होज फुटला तर ऑइल हळू जातं, गेजवर दाब बराच वेळ ठीक दिसतो आणि पंपानं हवा ओढली की मगच दिवा लागतो. म्हणून ड्रायव्हरला गाडी उभी केली की खाली वाकून बघायची आणि रोज सकाळी पट्टी तपासायची सवय लावावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक शिकवून गेली. आम्ही ऑइलचा नमुना प्रयोगशाळेला पाठवायचो. एका अहवालात लोखंड कमी, सिलिकॉन कमी, चिकटपणा जागेवर, टीबीएनही बरा. पण सोडियम आणि पोटॅशियम मागच्या वेळेपेक्षा वर. मिस्त्रीनं पट्टी काढून पाहिली, ऑइल बोटांत चोळलं, म्हणाला, “मालक, यात पाण्याचा थेंब नाही.” दिसायला नव्हताच. दाट कागद थोडंफार पाणी शोषून घेतो, त्यामुळे ऑइल दुधाळ व्हायची नेहमीची खूण उशिरा दिसते. सोडियम-पोटॅशियम हे कूलंटमधले क्षार, ते मागे राहतात. ऑइल कूलरला दाब देऊन पाहिला तेव्हा बारीक गळती सापडली. अहवाल नसता तर चांगल्या दिसणाऱ्या त्याच ऑइलवर आम्ही पुढचे हजारो किलोमीटर मारले असते.

लोखंडाचा आकडाही या फिल्टरमुळे फसवतो. प्रयोगशाळेचं यंत्र मुख्यतः 5 ते 8 मायक्रॉनपेक्षा बारीक कणच मोजतं. मोठे कण त्याला मुळातच दिसत नाहीत आणि बारीक कणांतले बरेच फिल्टर धरून ठेवतो. म्हणून अहवालात लोखंड कमी आलं तरी इंजिन झिजत नाही असं समजू नये. जुना कागद काढला की तो कापून, उजेडात उलगडून बघा. चमकणारी कणी दिसली तर आकडे काहीही म्हणोत, गाडी खोला.

नमुना कसा काढायचा, तेही सांगतो, कारण निम्मे अहवाल इथंच बिघडतात. इंजिन गरम असताना, चेंबरच्या तळाचा गाळ न घेता, मधल्या धारेतून, कोरड्या स्वच्छ बाटलीत. सोबत ऑइलचे किलोमीटर आणि मध्ये किती लिटर टाकलं ते लिहा. टीबीएन नव्या ऑइलच्या निम्म्यावर आला, किंवा 15डब्ल्यू-40 ऑइलचा चिकटपणा 100 अंशांना 12.5 च्या खाली गेला, की ऑइल काढा, फिल्टर कितीही भारी असो. काळ्या रंगावर जाऊ नका. ऑइल काळं होतं ते काजळी धरून ठेवतं म्हणून, आणि ते त्याचं कामच आहे.

आता हिशेब. लांब पल्ल्याची गाडी वर्षाला एक लाख किलोमीटर पळाली आणि लिटरला 4 चा ॲव्हरेज दिला, तर 25,000 लिटर डिझेल जळतं. दर 20,000 ला 20 लिटर ऑइल बदललं तर वर्षाचं ऑइल 100 लिटर. या 100 लिटरमधले निम्मे वाचवायला किट, होज, कागद, तपासणी हा सगळा खटाटोप. टायरमधली हवा नीट ठेवली आणि घाटात गिअर कुठं पाडायचा ते ड्रायव्हरला समजावलं, तर याहून जास्त पैसे डिझेलमध्ये सुटतात.

बीएस-6 गाडी असेल तर मी हात लावू नका असंच म्हणेन. तिथं कंपनीनंच ऑइलबदलीचं अंतर बरंच वाढवलेलं आहे, धुराड्यातल्या फिल्टरसाठी कमी राखेचं ऑइल लागतं, आणि वॉरंटीत ऑइलच्या लाइनला जोड दिला तर उद्या क्लेम अडवायला कारण मिळतं. जुन्या गाड्यांचा मोठा ताफा असेल, एकच मिस्त्री सगळ्यांवर लक्ष ठेवत असेल आणि दर वेळी नमुना पाठवायची शिस्त असेल, तर बायपास फिल्टर लावावा. इंजिनाला त्याचा फायदा आहे. एक-दोन गाड्या असलेल्यानं आणि नमुना पाठवायचा कंटाळा असलेल्यानं तो लावू नये, आणि कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरला ऑइल बदलावं.