उड्डाणाआधीची कसोटी

पोलादपूर तालुक्यात कापडे नावाचे गाव आहे. महाड-पोलादपूर भागात पाऊस फार पडतो. हवा दमट असते. लोखंडी विळा तसाच ठेवला तर त्याला लगेच गंज चढतो. म्हणून शेतकरी विळा पुसून, तेल लावून ठेवतो आणि कापणीआधी त्याला धार लावतो. अवजार आधी तपासावे, मग कामाला लागावे, हे त्याला ठाऊक असते.

रॉकेट आणि उपग्रह तयार करणाऱ्यांचेही असेच असते. फरक एवढाच, की विळा मोडला तर दुसरा आणता येतो. अवकाशात गेलेला उपग्रह बिघडला तर तो दुरुस्त करायला सहसा कोणी जाऊ शकत नाही. म्हणून सारी तपासणी जमिनीवरच करावी लागते.

या कामात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुणे जिल्ह्यात वालचंदनगर हे गाव साखर कारखान्याभोवती वसले. तेथील यंत्रांच्या कारखान्यात १९७० च्या दशकापासून रॉकेटचे भाग तयार होऊ लागले. पीएसएलव्ही या रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचे कवच तेथे बनते. हे कवच म्हणजे खास पोलादाचे मोठे नळकांडे. त्याची रुंदी २.८ मीटर असते. पोलाद म्हणजे तुमच्या उर्दूतील फौलाद. कवचात पाणी भरून दाब वाढवतात आणि त्याचा सांधा कोठे कच्चा तर नाही ना, हे पाहतात.

अशी पाच नळकांडी जोडून पहिला टप्पा उभा राहतो. त्यांत घन इंधन असते. या इंधनात लहानशी भेग राहिली तरी ते नको तेथे पेटते, दाब वाढतो आणि कवच फुटू शकते. डॉक्टर जसा हाडाचा एक्स-रे काढतो, तसा या इंधनाचाही एक्स-रे काढतात.

मुंबईत विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात ‘विकास’ हे इंजिन तयार होते. त्यात द्रव इंधन जळते. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे अशी इंजिने जमिनीवर घट्ट बांधून पेटवतात आणि त्यांचा जोर मोजतात.

उपग्रहाची जोडणी बंगळूरला होते. जोडणीच्या खोलीत गाळलेली हवा सोडतात. तेथील माणसे डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ झगे घालतात. केस किंवा धुळीचा कण आत जाऊ नये, ही काळजी असते. तयार उपग्रहाला यंत्रावर ठेवून जोराने हलवतात, कारण रॉकेट उडताना त्याला हादरे बसणार असतात. मग त्याला एका मोठ्या बंद टाकीत ठेवतात. टाकीतली हवा काढून घेतात. आत कधी कडक ऊन, तर कधी कडाक्याची थंडी निर्माण करतात. अवकाशात हेच त्याच्या वाट्याला येणार असते.

एवढी काळजी का घ्यायची? एक घटना ऐका. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ हे रॉकेट सोडण्यात आले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम या प्रकल्पाचे प्रमुख होते. उड्डाणाच्या काही क्षण आधी संगणकाने धोक्याची सूचना दिली. तज्ज्ञांचा सल्ला घेऊन कलामसाहेबांनी पुढे जाण्याचे ठरवले, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. पहिला टप्पा नीट चालला. दुसरा टप्पा भरकटला आणि काही मिनिटांतच रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले. चौकशीत कळले, की एका झडपेत धूळ अडकली होती. झडप म्हणजे व्हॉल्व्ह. ती पूर्ण बंद झाली नाही आणि आतले आम्ल गळून गेले. सतरा टनांचे रॉकेट धुळीच्या कणांनी पाडले!

कलामसाहेब आणि त्यांचे सहकारी खचले नाहीत. त्यांनी चूक शोधली आणि पुन्हा तयारी केली. १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या रॉकेटने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत पोहोचवला.

हा धडा पुढेही उपयोगी पडला. १५ जुलै २०१९ रोजी चांद्रयान-२ निघायला ५६ मिनिटे उरली असताना दोष दिसला. सारा देश वाट पाहत होता, तरी उड्डाण थांबवले. दोष दूर करून २२ जुलैला ते सोडले. पुढे ७ सप्टेंबरला त्याचे लँडर चंद्रावर उतरताना कोसळले. मग चांद्रयान-३ साठी आणखी चाचण्या झाल्या. लँडरच्या नमुन्याला क्रेनला आणि हेलिकॉप्टरला टांगून पाहिले. त्याचे पाय चंद्रासारख्या मातीवर आपटून पाहिले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते चंद्रावर अलगद उतरले.

उड्डाण काही मिनिटांचे असते. तयारी कित्येक वर्षांची. धोका दिसताच ‘थांबा’ म्हणणे, हाही त्या तयारीचाच भाग आहे.

शब्दार्थ
कवच – बाहेरचे मजबूत आवरण
आम्ल – तेजाब
कक्षा – उपग्रहाचा फिरण्याचा मार्ग
खचणे – हिंमत हरणे

स्वाध्याय
१. घन इंधनाचा एक्स-रे का काढतात?
२. १९७९ चे उड्डाण का फसले?
३. चांद्रयान-२ चे उड्डाण थांबवणे योग्य होते का? तुमचे मत चार वाक्यांत लिहा.