‘मला मना आहे’ म्हणू नको

बेटा, फुटाळा तलावावर रोज सकाळी धावायचं तू ठरवलंस आणि आठव्याच दिवशी मित्राला फोनवर म्हणालास, “मला धावायला जावं लागते ना.” ते ‘लागते’ ऐकून माझा जीव चरकला. दुसऱ्यानं लादल्यासारखं ते बोलणं खर्र्यापायी मी चांगलं ओळखतो.

एकवीस वर्षं सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला. सुपारीनं गाल आतून ताठरतात. तोंडात तीन उभी बोटं शिरेनात, तेव्हा डॉक्टरांनी खर्रा बंद करायला लावला. मग पानठेल्यावर कोणी खर्र्याची पन्नी पुढे केली की मी म्हणायचो, “मला मना आहे ना बाप्पा.” समोरचा म्हणे, “एका चिमटीनं काय होते?” मना करणारा डॉक्टर काही तिथं उभा नसायचा. दोनदा सोडला, दोनदा पुन्हा धरला.

तिसऱ्यांदा मी वाक्यच बदललं. “मी खर्रा खात नाही.” यावर घासाघीस करायला कोणाला जागाच उरेना. आणि तेच वाक्य दिवसातून दहादा माझ्याही कानावर पडू लागलं.

व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅगट्वेट या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ साली हेच तपासलं. ‘मी हे करत नाही’ असं स्वतःला सांगणाऱ्या दहा बायकांपैकी आठ जणी दहा दिवस आपल्या निश्चयावर टिकल्या. ‘मला हे करता येणार नाही’ म्हणणाऱ्या दहांपैकी एकच. प्रयोग लहान आहे, पण माझा अनुभव तोच.

आपल्या नागपुरात तर १४ ऑक्टोबर १९५६ लाच बौद्ध धम्माची दीक्षा घेताना लाखो माणसांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. दारू न पिण्याचीही त्यात आहे. दीक्षाभूमीवर त्या कोरलेल्या आहेत, एकदा सावकाश वाच. तिथं ‘मला मनाई आहे’ असं कुठंच नाही. बोलणारा ‘मी’ म्हणतो आणि स्वतःचं स्वतः ठरवतो.

एखादा दिवस चुकेल. तेव्हा “माझ्याच्यानं होतच नाही” म्हणू नको, ते पुढचे दिवसही खाते. खोटी शाबासकीही देऊ नको, मन ती लगेच ओळखते. स्वतःला नावानं हाक मार, धाकट्या भावाला समजावतोस तसं बोल. घरात मला भाऊ म्हणतात, म्हणून मी म्हणायचो, “भाऊ, काल खाल्ला. आज खात नाही.” एवढंच.

उद्या पाचला बुटाची लेस बांधताना मोठ्यानं म्हण, “मी सकाळी धावतो.” मी जागाच असतो. मलाही ऐकू येऊ दे.