मोटरसायकलच्या चेनला नेमकं काय घालायचं?

प्रश्न : आमच्या घरी दोन मोटरसायकली आहेत, वडिलांची स्प्लेंडर आणि माझी ड्यूक ३९०. वडील वर्षानुवर्षं चेनला गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल घालतात आणि ‘गाडी चालतेय ना?’ म्हणतात. आमचा मेकॅनिक नव्वद नंबरचं गिअर ऑइल सांगतो, दुकानदार महागडा स्प्रे पुढे करतो आणि एका मित्राने डब्ल्यूडी-४० मारून चेन चकाचक करून दाखवली. पावसाळ्यात तर काहीही घाला, दोन दिवसांत चेन तांबूस. यातलं खरं काय? दोन्ही गाड्यांना एकच चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ड्यूकचा पावसाळा सोडला तर एकच बाटली दोन्ही गाड्यांना चालेल, आणि ती तुमचा मेकॅनिक सांगतो तीच. पण तुमच्या घरातल्या दोन चेन वेगळ्या जातीच्या आहेत, आणि हे कळल्याशिवाय काय घालायचं याची चर्चा हवेतच राहते.

चेनची एक कडी जवळून बघा. दोन पट्ट्यांमधून आरपार गेलेली पिन, पिनेवर नळीसारखं बुश आणि बुशवर मोकळा फिरणारा रोलर. हान्स रेनॉल्ड या स्विस माणसाने १८८० मध्ये मँचेस्टरला ही रचना बसवली आणि आजही ती तशीच आहे. चेन स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, वळते तेव्हा प्रत्येक कडीतली पिन बुशच्या आत थोडीशी फिरते. खरी झीज होते ती तिथे, बाहेरून न दिसणाऱ्या जागी. ‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण पोलादी पट्ट्या सहसा ताणल्या जात नाहीत. शंभरेक कड्या आणि प्रत्येकीत दशांश मिलिमीटर झीज धरली, तरी चेन एक सेंटिमीटरने लांब होते.

स्प्लेंडरची चेन साधी आहे. तिच्या पिन-बुशमध्ये तेल बाहेरूनच झिरपायला हवं. ड्यूकच्या चेनमध्ये कडीच्या पट्ट्यांच्या फटीत बारीक रबरी रिंगा असतात आणि कारखान्यात भरलेलं ग्रीस त्या आत कोंडून ठेवतात. तुम्ही वरून कितीही तेल ओतलं तरी ते आत जात नाही, जायची गरजही नाही. तिथे तेलाचं काम बाहेरचं : रोलर आणि स्प्रॉकेटचे दात यांच्यामध्ये पडदा ठेवायचा, गंज धरू द्यायचा नाही आणि रिंगा कोरड्या पडू द्यायच्या नाहीत. रिंग एकदा गेली की आतलं ग्रीस गेलं, आणि ते परत भरता येत नाही. म्हणून अशा चेनला पेट्रोल लावू नका, तारेचा ब्रश घासू नका आणि गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा जवळून चेनवर धरू नका. रॉकेल, मऊ ब्रश आणि जुनं फडकं पुरतं. रॉकेल मिळत नसेल तर चेन क्लीनर घ्या.

आता वडिलांचं जळकं ऑइल. स्प्लेंडरची चेन पूर्ण बंद कव्हरमध्ये असते. धूळ, चिखल, पाणी फारसं आत जात नाही. तिची चेन टिकली याचं बरंचसं श्रेय त्या कव्हरला आहे. इंजिनातून काढलेल्या तेलात काजळी असते, धातूचा सूक्ष्म चुरा असतो, ज्वलनातून आलेली आम्लं असतात. चुरा पिन-बुशमध्ये गेला की घासायचंच काम करतो. शिवाय वापरलेलं ऑइल वर्षानुवर्षं हाताला लागत राहणं कातडीला घातक आहे, त्यातल्या काही घटकांमुळे कॅन्सरचा धोका असतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ते घरातून हद्दपार व्हावं असं मला वाटतं. वडिलांना गाडीच्या भाषेत पटत नसेल तर हाताच्या भाषेत सांगा.

ग्रीसही नको. ते घट्ट असतं. बोटाने कितीही चोपडलं तरी साध्या चेनच्या बुशपर्यंत पोचत नाही, वरच बसतं आणि धूळ धरून ठेवतं. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला एका छोट्या कंपनीने ओल हटवून गंज रोखण्यासाठी तयार केलं. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यासाठी ते वापरलं गेलं. ओली चेन कोरडी करायला, मळ सैल करायला ते उपयोगी आहे. पण मागे राहणारा थर इतका पातळ असतो की दातांच्या दाबाखाली तो टिकत नाही. मित्राने चेन स्वच्छ करून दाखवली हे बरोबर. त्यानंतर तेल घालायचं काम मात्र बाकी राहिलं.

राहिलं नव्वद नंबर आणि स्प्रे. नव्वद म्हणजे इंजिन ऑइलच्या ४० किंवा ५० पेक्षा दुप्पट घट्ट, असा पुष्कळांचा समज असतो. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या क्रमांकांच्या पट्ट्याच वेगळ्या आहेत. नव्वदचं गिअर ऑइल घट्टपणात साधारण चाळीस-पन्नासच्या इंजिन ऑइलच्या जवळपास बसतं. त्याची ताकद दाब सोसणाऱ्या गंधक-फॉस्फरसच्या घटकांत आहे आणि बाटली उघडल्यावर येणारा उग्र वासही त्या गंधकाचाच. ते इतपत पातळ असतं की साध्या चेनमध्ये झिरपतं, आणि रिंगांना त्याचा त्रास नाही. होंडाच्या मॅन्युअलमध्येही चेनसाठी ८० किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल सांगितलेलं आढळतं. त्याचा एकच दुर्गुण : ते उडतं. जास्त घातलं तर मागच्या रिमवर आणि टायरवर येतं, आणि टायरवर तेल म्हणजे घाटातल्या वळणावर सरळ धोका.

स्प्रेमध्ये चिकट वंगण पातळ द्रावकात विरघळवलेलं असतं. द्रावक त्याला फटीत नेतो, मग उडून जातो आणि चिकट थर उरतो. म्हणून स्प्रे मारल्या मारल्या गाडी काढायची नाही, नाहीतर सगळं रस्त्यावर. बाटलीवर ओ-रिंग, म्हणजे रबरी रिंगांच्या, चेनला चालतो असं लिहिलेलं बघून घ्या. कोरड्या, मेणासारख्या थराचे स्प्रे मराठवाड्याच्या धुळीत चांगले. कोकणातल्या पावसात ते लवकर निघून जातात. म्हणून माझा सल्ला : स्प्लेंडरला बारा महिने नव्वद नंबर. ड्यूकला ऑक्टोबर ते मे नव्वद नंबर, पातळ हाताने, कारण जांभ्याची लाल धूळ ओल्या चेनवर लगेच बसते. पावसाळ्यात ड्यूकची चेन उघडी असल्यामुळे चिकट, ओल्या जातीचा स्प्रे. तो पैसे वसूल करतो.

पण काय घालता यापेक्षा कसं घालता, यावर चेनचं आयुष्य जास्त अवलंबून आहे. संध्याकाळी गाडी घरी आली की चेन कोमट असते, तीच वेळ. स्प्लेंडर डबल स्टँडवर घ्या, ड्यूकला पॅडॉक स्टँड लागेल. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला आणि चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन फिरवत फडकं धरणारे अनेक जण दिसतात. फडकं ओढलं गेलं की मागोमाग बोटं जातात, आणि ती परत येत नाहीत. तेल चेनच्या खालच्या फेरीवर, आतल्या बाजूने घाला. चाक फिरताना ते आपोआप बाहेर फेकलं जातं, म्हणून आतून घातलं की कडीतून प्रवास करतं. पट्ट्यांच्या दोन्ही फटींवर थेंब थेंब सोडत एक पूर्ण फेरी. दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने वरचं तेल पुसून काढा. स्प्लेंडरच्या कव्हरला रबरी बूच असतं, त्यातून अधूनमधून तेल देता येतं, पण सर्व्हिसिंगला कव्हर उतरवून साफसफाई करायला सांगा.

ढोबळ हिशेब ५०० किलोमीटरला एकदा. पावसात भिजून आलात तर किलोमीटर मोजू नका, त्याच संध्याकाळी पुसून हलका हात मारा. पट्ट्यांवरच्या तांबूस छटेने घाबरायचं कारण नाही; रोलरवर गंज दिसला किंवा एखादी कडी वळताना अडली तर लक्ष द्या.

मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून बघा. दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडत असेल, किंवा दात एका बाजूला वाकल्यासारखे झिजले असतील, तर कुठलंही तेल उपयोगाचं नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला, एकटी चेन टाकली तर जुने दात तिला लवकर खातात. आणि नव्या चेनवर कंपनीने लावलेलं चिकट वंगण रॉकेलने धुऊन काढू नका. मेकॅनिक धुवायला निघाला तर त्याला थांबवा.